आरतीला उभी न राहिलेली बाई

तेलुगू मुलखात, कुकटपल्लीच्या पोलीस ठाण्यात मी फौजदार असताना माझ्यासमोर बसलेल्या त्या बाई मी विसरलेलो नाही. आठवल्या की आजही डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

फिर्याद एका धार्मिक ट्रस्टच्या सचिवाची होती. ट्रस्टच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या या बाईंनी आरतीचं ताट लाथाडलं, भावना दुखावल्या, गुन्हा नोंदवा. बाई मूळच्या नांदेडकडच्या, बौद्ध, सरकारी दवाखान्यात नर्स. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरीवर गदा आली असती.

मी मराठीतच जबाब घेतला. "ताटाला मी हातसुद्धा लावला नाही, साहेब. फक्त आरतीला उभी राहिले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात मी."

"हात जोडले असते तर काय बिघडलं असतं, ताई?" होय, मी हेच म्हणालो.

"तुम्हाला कुणी जबरदस्तीने जोडायला लावलेत कधी?" त्यांनी विचारलं. मी पुढचा प्रश्न घेतला.

एक गोष्ट मात्र खटकली. रोजची आरती सकाळी सातला, त्या दिवशीची अकराला. मी वॉचमनला बोलावून चहा पाजला. दरडावलेला माणूस तोंड मिटतो, चहा घेतलेला बोलतो. तो म्हणाला, "साब, उस दिन टॅक्सवाले आए थे ना. सब किरायेदारां को नीचे खडा करे. थाली तो सेक्रेटरी साब खुद फेंके, गुस्से में."

पालिकेतून कागद मागवले. अख्खी इमारत प्रार्थनास्थळ दाखवून करमाफी घेतलेली, म्हणून तपासणीला आलेल्यांसाठी ती अकराची आरती. भाडेकरू म्हणे देवाचे सेवेकरी, आणि 'मी या देवाची भक्त आहे' या ओळीखाली बाईंची सही. तीही तेलुगूत! जबाबाखाली त्यांनी मराठीत सही केली होती. तेलुगूचं अक्षर त्यांना लिहिता येत नव्हतं.

दोन्ही कागद सचिवासमोर आपटले. "छोटी बात है साब, सब करते," तो म्हणाला.

छोटी बात! यांचा कर वाचावा म्हणून एका बाईचा धर्म परस्पर बदलून टाकायचा, आणि ती नाही म्हणाली की तिलाच गुन्हेगार ठरवायचं. खोट्या सहीचा गुन्हा मी त्याच्यावरच दाखल केला. बाईंचं नाव फिर्यादीतून सुटलं, त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मानेवर बसला.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. दरवर्षी मी हजेरी घेऊन सगळ्यांना रांगेत उभं करायचो. त्या वर्षी पहिल्यांदा म्हणालो, "ज्याला यायचंय त्यानेच यावं."

माझी जीप चालवणारा हवालदार गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला. सात वर्षं तो माझ्या शेजारी हात जोडून उभा असायचा. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.