पट्ट्याखालचं कापड

एक निवृत्त ॲडमिरल पुण्यातल्या आमच्या शिंप्याकडे गणवेशाच्या कोटावरचे सोनेरी पट्टे उसवून घ्यायला आले होते. "थंडीत नुसता कोट म्हणून घालीन," म्हणाले. बाहीवरचा सगळ्यात रुंद पट्टा निघाला, तर त्याखालचं कापड नव्यासारखं गडद निळं!

"ही खूण राहणार, साहेब," शिंपी म्हणाला.

"राहणारच. हा पट्टा मिळाला, त्याच महिन्यात मी पाठवलेली बोट परत आली नाही."

आरमारप्रमुखाला पूर्वी दर्यासारंग म्हणत, पुढे सरखेल, आता ॲडमिरल. किताबांचं काय, ते बदलतात. हुकूम देणारा काठावर आणि पाळणारा पाण्यात, हे मात्र बदललं नाही.

साहेबांनी बाह्या आत दुमडून कोटाची घडी घातली. बाहेर बोचरा वारा होता. कोट हातावर टाकून ते तसेच कुडकुडत निघून गेले.