हळद लागलेली फिल्म

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको सावेडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत मेथी निवडत बसलो होतो. मी जाड देठं ठेवत होतो आणि ही परत माझ्या ताटातून ती काढत होती. मधेच म्हणाली, "ती फिल्मची केस लिहून काढा एकदा." मी म्हटलं, सातवी शिकलेला माणूस मी, पंचनाम्यापलीकडं मला काय लिहिता येतं? तर म्हणाली, मग पंचनाम्यासारखं लिहा. दुसऱ्याच पहाटे झोपेतच ती गेली. आधी मी जाणार असं आम्ही दोघांनी धरलेलं होतं.

म्हणून लिहितो. ती केस तशीही डोक्यातून कधी गेली नाही. नावं कुणाचीच देत नाही.

तेव्हा मी कोपरगाव भागात हवालदार होतो. एक तरुण विधवा बाई ठाण्यात आली, कडेवर लहान मुलगी. नवरा अपघातात गेलेला. तेरावा होताच थोरल्या दिरानं तिला घराबाहेर काढलं आणि गावभर सांगितलं, आमच्या भावाचं लग्नच झालं नव्हतं, ही नुसती ठेवलेली. लग्न देवळात घाईघाईत लागलेलं. पत्रिका नाही, नोंद नाही, भटजी वारलेला. दिराच्या वचकानं गावात कुणी तोंड उघडेना. फोटोंचा अल्बम होता, तो त्यानं तिच्यासमोर जाळला. बाई म्हणाली, "मला त्यांचं काय बी नको. पोरीला बापाचं नाव लागलं पायजे, बास."

अल्बम जळाला तरी फिल्म शिल्लक होती. ज्यानं फोटो काढले तो बाजारपेठेतला स्टुडिओवाला मोठा चिकट माणूस. धुतलेली एकही फिल्म टाकायचा नाही. पट्ट्या कापून बटर पेपरात गुंडाळायचा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटात घालायचा. पत्रिका त्याच्याकडं ढिगानं यायच्या. कागद जाड, फुकटचा, फिल्मला ओरखडा येत नाही. पाकिटावर पेन्सिलीनं नंबर. सगळी पाकिटं पत्र्याच्या ट्रंकेत उभी, मधून वाळलेला कडुलिंब, आणि ट्रंक फळ्यांवर, कारण नदीकाठच्या भिंतींना ओल येते. त्यानं बाईची फिल्म शोधली आणि उद्या फोटो काढून देतो म्हणून काउंटरच्या खणात ठेवली. बाईला आनंद मावेना, तिनं बाजारात दोघी-तिघींना सांगितलं. सकाळी स्टुडिओचं कुलूप तुटलेलं. कॅमेरे जागच्या जागी, गेलं ते एकच पाकीट.

घरफोडीचा गुन्हा दाखल केला. समोरचा सायकलवाला माझा जुना खबऱ्या. तो म्हणाला, बाईचा दीर आदल्या दिवशी दोनदा स्टुडिओपुढं घुटमळला, फोटो मात्र काढला नाही. दिराला आणून बसवलं. मी मारझोडीचा माणूस नव्हतो. समोर बसवून चहा पाजायचा आणि बोलू द्यायचं. गर्विष्ठ माणूस फार वेळ गप्प बसत नाही. हाही बसला नाही. म्हणाला, "व्हय, नेलं. आईला दिलं, चुलीत घाल म्हणालो. झाली राख. आता कागदाच्या चोरीपायी फाशी देता का, हवालदार?"

साहेब म्हणाले, कबुली मिळाली, कागद पुरे करा. चोरीपुरतं ते खरंच होतं. पण त्या पोरीचं नाव चुलीत गेलं होतं आणि मला ते पचेना.

जेवताना घरी सांगितलं. हिनं विचारलं, पाकीट कसलं होतं? म्हटलं, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेचं, वर गणपती, कोपऱ्याला हळदकुंकू. हिचा भाकरी थापायचा हात थांबला.

"हळद लागलेला गणपती कुठली बाई चुलीत घालते? तुम्ही घालाल?"

मी म्हटलं, मग कुठं घातला असेल?

"निर्माल्यात. नदीला सोडायला. आणि आता उन्हाळ्यात म्हातारी नदीवर कशाला जाते? घरातच असेल."

सकाळी दोन पंच आणि महिला पोलीस घेऊन गेलो. देव्हाऱ्यामागं खिळ्याला पिशवी अडकवलेली. वाळकी-ओली फुलं, फाटलेली देवाची तसबीर आणि खाली ते पाकीट. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "जाळ म्हनला. गणपती कसा जाळू? हात धजला न्हाई. त्याला सांगितलं, जाळलं."

पंच बाहेर सही करत होते तेव्हा मी हळूच विचारलं, आजी, लग्न लागलं होतं का?

"अक्षता मीच टाकल्या की." मग पदर ओढून घेतला. "पर जबाबात न्हाई बोलायची. राहिलेला एकच ल्योक हाय."

पाकीट ठाण्यात आणलं तर कारकून सील करायला लाखेची कांडी तापवून तयार. मी हात धरला. ओल्या फुलांनी बटर पेपर भिजून फिल्मला चिकटला होता. ओढला असता तर चेहरे कागदाबरोबर निघाले असते. साहेबांची परवानगी घेऊन पंचांसमक्ष स्टुडिओवाल्याला बोलावलं. त्यानं स्वच्छ पाण्यात पट्ट्या भिजत ठेवल्या आणि पाणी बदलत राहिला. मी दोनदा विचारलं, निघेल का? तो वैतागून म्हणाला, "हवालदार, ही काय कोठडी आहे का, दांडका आपटला की बोलेल?" शेवटी कागद आपोआप सुटला. कडेला धरून, बोट न लावता, त्यानं पट्ट्या चिमट्याला टांगल्या. धूळ बसू नये म्हणून पंखा बंद. आम्ही सगळे घामानं निथळत उभे. बऱ्याच चौकटींवर डाग पडले होते. एक चांगली निघाली. संध्याकाळी तिचा फोटो हातात आला. अंतरपाट खाली आलेला, नवरा-नवरी समोरासमोर, आणि मागं सासू, अक्षतांचा हात वर.

फिल्म नव्या बटर पेपरात, पत्र्याच्या डबीत घातली. लाख डबीच्या दोऱ्यावर, फिल्मपासून लांब. मुद्देमालाच्या खोलीत उंदीर आणि ओल दोन्ही होते, म्हणून कोर्टात लागेपर्यंत डबी वरच्या फळीवर ठेवली आणि येताजाता पाहत राहिलो. लोक निगेटिव्ह गादीखाली टाकतात, प्लास्टिकमध्ये कोंबतात आणि मग चिकटली म्हणून रडतात. कोरड्यात ठेवा, कागदात ठेवा, कडेला धरा. एवढंच आहे ते.

केसनं मला शिकवलं ते वेगळं. गुन्हेगार काय करायला निघाला हे शोधून भागत नाही. मधे कुणाचा हात कशाला अडेल, हे माहीत पाहिजे. ते मला घरातून कळलं. रेकॉर्डला तपास माझ्या नावावर आहे, पण पाकीट हिनं शोधलं.

त्या संध्याकाळी घरी फोटो हिला दाखवला तेव्हा हिनं नवरीकडं पाहिलंच नाही. सासूवर बोट ठेवून म्हणाली, "हिला दाखवा. ओरडू नका, नुसतं दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच म्हातारीकडं गेलो. काही न बोलता फोटो तिच्या हातात दिला. ती उजेडात सरकली. बराच वेळ धाकट्याचा चेहरा बघत होती, जो आता नव्हता. मग आपल्या वर गेलेल्या हातावर अंगठा ठेवला.

"ह्यो हात माझाच हाय," ती म्हणाली. "लिहा."

मी तिच्या उंबऱ्यावर बसलो, मांडीवर कागद घेतला आणि लिहायला लागलो.