गुळवेलीचं सत्त्व सांगलीला नेलं तवा

आमी मूळचं मेंढरावालं. मुलूख सांगलीच्या उगवतीला, कुसळाचा. बा मेंढरं घिऊन नदीकाठाला उतरायचा, आमी पोरं त्येच्या मागनं. मग साळा कुठली? मला सही येत न्हाई, आंगठा येतो. लगीन झालं, मेंढरं सुटली, पर हिंडनं सुटलं न्हाई. नवऱ्याबरुबर फलटनकडं ऊस तोडाय जायाचं. माझा ल्योक तितंच झाला, पाचटाच्या खोपीत. अंग वाळायच्या आदी मी मोळ्या बांधाय लागले. त्यात नवल न्हवतं, समद्याच बाया तशाच बांधायच्या.

त्यो ल्योक करोनात गेला. नवरा त्येच्या आदीच गेला हुता. घरात उरलो तिघी, मी, सून आन आता चौथीत असलेली नात. मग सून तोडीला जाय लागली. नात संगं नेली की साळा बुडायची, माझ्यापाशी ठिवली की आईसाठी झुरायची, जेवायची न्हाई. औंदा दसऱ्याच्या आदी टोळीचा मुकादम दारात आला. "आगाऊ पैशाची उचल घे, नाव सांग," म्हनला.

सून म्हनली, "थांबा की आठ दिस. सांगलीला जाऊन येतो आमी."

"का? कलेक्टरची नोकरी लागली व्हय?"

"तसंच समजा." सुनंचं तोंड तिखट हाय.

सांगलीला काय, तर गुळवेल. आमच्याकडं बांधावरच्या लिंबावर ती चढलेली असती. आमी कवा तिकडं बघितलंबी न्हवतं. करोनात ज्यो त्यो मागाय लागला, तवा सून तिचं सत्त्व काढाय शिकली. वेल ठेचायची, पान्यात भिजवायची, कुस्करून गाळायची. तळाला पांढरा साका बसतो. वरचं पानी वतून द्यायचं, नवं घालायचं, परत बसू द्यायचं. ते वरचं पानी हिरवंपिवळं, कडूजहर. कडूपना जाईस्तवर धुयाचं आन पांढरंशिपट झालं की उन्हात वाळवायचं. बाजारात पांढऱ्याला मान. जरा मळकट दिसलं की गिऱ्हाईक म्होरं जातं. म्हनून आमी दोघी धुवून धुवून हात सुरकुतवून घ्यायचो.

सांगलीचा एक औषधवाला म्हनला हुता, माल चांगला निघाला तर वरीसभर घीन, पर आदी औषधाच्या कॉलेजात तपासून आना. सुनंनं समदी आस त्येच्यावर ठिवली. माल लागला तर तोडीला जायाचं न्हाई.

एसटीनं गेलो. डब्यात सत्त्व आन पिशवीत वेलीचं एक हिरवं कांडं. बाजारात लोक म्हनायचे, ह्यात मक्याचं पीठ मिसळलंय. कांडं दावलं की पटंल, असं सुनंला वाटलं.

कॉलेजात एक पोरगी हुती, पांढरा कोट घातलेली. तिनं फ्रिजातनं एक बारकी पट्टी काढली.

"काडीपेटीतली काडी हाय का काय ही?" म्या इचारलं.

"सेन्सर आहे, आजी. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना?"

"पडतं की. म्हनून तर पान्यात टाकायचं."

"ते काळं करणारं एन्झाइम असतं वांग्यात. तसलंच या टोकाला लावलंय. वनस्पतीत अँटिऑक्सिडंट असतात, शरीराला गंज चढू देत नाहीत अशी. त्यातल्या पुष्कळांवर हे एन्झाइम काम करतं आणि अगदी बारीक वीज वाहते. जितका दम जास्त, तितकी वीज जास्त. मशीन ती मोजतं."

"मग फ्रिजात कशाला?"

"उष्णतेनं मरतं ते."

"म्हंजी जित्तं हाय?"

पोरगी हसली. "तसं नाही आजी. पण तुम्ही तसंच धरा."

तिनं सत्त्व पान्यात ढवळलं, थेंब पट्टीवर सोडला. मशीनवर एक रेघ उठत्या म्हने. आमी दोघी आन ती पोरगी बघत बसलो. रेघ काय हलंना. नवी पट्टी घितली, तरी तेच.

"मशीन बिघडलंय तुमचं," सून म्हनली.

"बघू या," म्हनून त्या पोरीनं चहाची भुकटी पान्यात उकळली, निववली आन त्येचा थेंब टाकला. रेघ सरसर वर गेली.

"बघा," म्या म्हनलं, "चहापरास हलकं निघालं आमचं सत्त्व."

सून हसली न्हाई. तिनं पिशवीतनं ते कांडं काढून टेबलावर आपटलं. "ही बघा गुळवेल. खोटं कायबी न्हाई ह्यात."

पोरीनं कांडं उचललं, साल तशीच ठिवून ठेचलं, गाळलं, थेंब टाकला. रेघ चढली. चहाएवढी न्हाई, पर चांगली चढली.

"वरचं पाणी काय करता तुम्ही?" तिनं इचारलं.

"वतून देतो. मोरीत."

"मशीन ज्याचा आकडा देतं, ते त्या पाण्यातच गेलं असणार. सत्त्व वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. ही पट्टी एवढी एकच गोष्ट सांगते. पण औषधवाल्यांना तीच हवीय."

सून कपाळाला हात लावून खाली बसली. मला राग आला न्हाई. उलटं बरंच वाटलं. जल्मभर माल इकला, लोकर इकली. व्यापारी 'हलका हाय' म्हनायचा आन पुढं चालाय लागायचा. का हलका, ते कुनी सांगितलं न्हवतं. ह्या पोरीनं सांगितलं.

औषधवाल्यानं सत्त्व घितलं न्हाई. म्हनला, सालीसकट तुकडं करून, सावलीत वाळवून एक पोतं आना, तपासू, मग बघू. 'मग बघू' म्हंजी काय, ते आमास्नी ठावं हाय. परतीच्या गाडीत सून म्हनली, "आत्ती, नाव सांगू का मुकादमाला?"

"नगं. माल लागला न्हाई तर शिळंपाकं खाऊ. मला सवं हाय. पोरीची साळा तोडू नगं."

मुकादम आला तवा सून उंबऱ्यातच हुबी ऱ्हायली. "आमी यायचो न्हाई औंदा," म्हनली. त्यो म्हनला, "पस्तावशील." ती म्हनली, "हितंच पस्तावते की मग, घरात बसून."

सावली म्हंजी आमची एकच खोली. खोलीत गुळवेल पसरली आन आमी तिघी अंगनात निजाय लागलो. टोळीचा ट्रॅक्टर गावातनं गेला तवा सून कांडं तोडत हुती. तिनं मान वर केली न्हाई.

पयल्या पोत्याला आकडा चांगला आला, औषधवाल्यानं घितलं. दुसरं खोलीत मावंना म्हनून अंगनात सावलीला पसरलं, ते रातच्या दंवात भिजलं, माघारी आलं. सून एकलीच सांगलीला गेली, नीट इचारून आली आन आता दिस मावळायच्या आत समदं आत घेती. तिसरं पोतं काल गेलंय. काय हुतंय ते कळंल. नात आज साळंत गेलीय, दप्तराचा बंद तुटलाय तिचा, त्यो शिवायचा हाय.