फुगलेला कंडेन्सर आणि अमरावतीचे पाहुणे

घ्या, चहा घ्या. माझी फजिती आमची सून चारचौघांत मीठमसाला लावून सांगतेच आहे, तर म्हटलं, खरं काय ते आपल्याच तोंडून सांगून टाकावं!

मे महिना होता. आमच्या निलेशचं अमरावतीच्या स्वातीशी जमत आलं होतं. पोरापोरीची पसंती झाली होती, अडलं होतं फक्त तिच्या आईपाशी. "अकोल्याच्या गरमीत आमची पोर कशी राहीन?" म्हणे! जशी काही अमरावती हिमालयातच आहे! तरी ती मंडळी दुपारी आमचं जुन्या शहरातलं घर पाहायला येणार होती, आणि नेमका त्याच सकाळी कूलर रुसला.

पाणी चालू, पण पंखा जागच्या जागी नुसता गुंगुं करतोय. आमचे हे लगेच हात झटकून मोकळे. "मोटर जळाली. मेकॅनिकले बोलावतो."

"थांबा हो!" मी कूलरची वाळ्याची ताटी काढली आणि काठीनं पात्याला हलकेच ढकललं. पंखा भर्रकन फिरायला लागला! "पाहा! मोटर जळाली असती तर फिरली असती का? पहिला धक्का कंडेन्सर देते. तोच मेला!"

प्लग काढून आत पाहिलं. कंडेन्सरचं पोट तट्ट फुगलेलं, कडेला चीर आणि त्यातून चिकट ओघळ. आहे की नाही आपली पारख? हे गपगुमान बाजारात जाऊन त्याच आकड्याचा नवा घेऊन आले.

बसवला मीच. त्याच्या दोन वायरी, आणि त्यातल्या एकीला बटणाकडून येणारी वायर जोडलेली होती. कोणत्या एकीला? आता ते कोण लक्षात ठेवतं! दोन्ही सारख्याच दिसत होत्या, दिली एकीला जोडून. प्लग लावला आणि काय गरजला म्हणता पंखा! मी यांच्याकडे गड जिंकल्यासारखं पाहिलं.

पाहुणे आले. स्वाती, तिचे आईवडील. होणाऱ्या विहीणबाईंना मी मुद्दाम कूलरसमोर बसवलं. आवाज दणदणीत, पण हवा? हवेचा पत्ताच नाही! उलट विहीणबाईंचा पदर हळूहळू कूलरकडे निघाला आणि जाळीला जाऊन चिकटला.

"हे असं काहून करून राहिलं वो?"

"सुरुवातीले असंच करते. मंग लय गार होते!" मी ठोकून दिलं.

स्वाती माझ्याकडे पाहून हसली. किती गोड पोरगी, असं मला वाटलं. पण तिच्या आईच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. झालं! माझ्या पोराची सोयरीक घामात वाहून चालली होती.

तेवढ्यात समोरच्या शोभाताईंनी दारातून डोकं आत घातलं. "वैनी, आज गल्लीसाठी कूलर लावला का वो? भायेर वाळ्याची लय गार हवा येऊन राहिली!"

कूलर आमच्या खिडकीत आणि त्याची पाठ गल्लीकडे. अहो, पंखा उलटा फिरत होता! घरातली हवा ओढायची, ओल्या ताट्यांतून गार करायची आणि साऱ्या गल्लीला वाटायची!

स्वातीचे वडील बघायला म्हणून बाहेर गेले ते परतलेच नाहीत. मागोमाग विहीणबाई गेल्या. मग काय, खुर्च्या बाहेर, पोहे बाहेर, चहा बाहेर. विहीणबाईंनी डोळे मिटून हवा खाल्ली आणि म्हणाल्या, "लोकं उगाच नावं ठेवतात अकोल्याले. अठी तर गल्लीलेबी कूलर हाय!"

तिथेच गल्लीतल्या कडुलिंबाखाली साखर वाटली. जिंकले की नाही मी?

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात स्वातीनं पेचकस मागितला आणि ती एक वायर इकडची तिकडे केली. घर गारेगार!

"तुले कधी समजलं वो हे?"

"आईचा पदर चिकटला तवाच. पण पहिल्याच दिवशी सासूले कसं टोकू?"

शोभाताई मात्र तेव्हापासून माझ्यावर रुसल्या आहेत. आणि आता कूलर जरा गुंगुं करायला लागला की मी उत्साहानं उठते, तोच सूनबाई माझी खुर्ची उचलून बाहेर नेते आणि म्हणते, "आई, तुमी जराक गल्लीत बसा."