गोळा न धरलेलं रक्त

उंब्रजच्या पेठेमागे घराच्या पुढच्या खोलीत कुतुबुद्दीन हिजामा करतात. आजोबा शिंगाची तुंबडी लावायचे. यांच्याकडे प्लास्टिकचे कप आणि हातपंप. पद्धत तीच. पाठीवर कप बसवून हवा ओढायची, कातडीवर ब्लेडनं बारीक चरे मारायचे, पुन्हा कप लावायचा. पाच-सात मिनिटांत आत काळपट, थलथलीत गोळा जमतो. तो गिऱ्हाइकापुढे धरून कुतुबुद्दीन म्हणत, "बघा, ही घाण तुमच्या अंगात हुती." बावीस वर्षं हेच वाक्य. तो गोळा बघूनच माणूस निम्मा बरा व्हायचा.

चांदाच्या सतरा तारखेला, हिजाम्याला शुभ मानलेल्या दिवशी, आकाराम उपाशीपोटी आले. फौजेतले माजी हवालदार, आता ऊस लावतात. खांदा धरला होता.

"रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू हायत का?" कुतुबुद्दीननी नेहमीप्रमाणे विचारलं.

"आरं, बर्फात दोन हिवाळे काढलेत. गोळ्या म्हाताऱ्यांनी खायच्या."

"मग तुमी कोन? साठी कवाच झाली."

"कप लाव रं गड्या. तोंड नको चालवू."

पहिला कप पाण्यासारखा भरला. गोळा धरेना. दुसराही तसाच.

"लय साठली हुती बघ," आकाराम खूश होते. "यिऊ दे सगळी."

कुतुबुद्दीननाही वाटलं, घाण अजून आतच आहे. त्यांनी तिसरा लावला.

आकारामांची बडबड थांबली. ओठ पांढरे पडले. चादरीतून रक्त फरशीवर ठिबकू लागलं. आतल्या खोलीत बायकांचा हिजामा करणारी झुबेदा, त्यांची बायको, धावत आली. "कप काढा आदी! दाबून धरा!"

शेजाऱ्याची जीप कराडला निघाली. वाटेत झुबेदानं आकारामांच्या सुनेला, राजेश्वरीला, फोन लावला. "आवं, मामांच्या हृदयात स्प्रिंग घातलीया मार्चमधी!" ती ओरडली. "रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या हायत रोज!" पाठीवर टॉवेल दाबून बसलेल्या कुतुबुद्दीनना ते स्पष्ट ऐकू आलं.

दवाखान्यात तासाभरानं रक्त थांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचले. पण तीन कप का लावलेत?"

"गोळा येत नव्हता, बाई. घाण आली की गोळा हुतो."

"गोळा म्हणजे घाण नव्हे. धड रक्त बाहेर आलं की गोठतंच. ते गोठत नव्हतं, तेव्हाच थांबायचं होतं."

कुतुबुद्दीन बाकावर बसले. बावीस वर्षं लोकांना त्यांचंच धडधाकट रक्त दाखवून त्यांनी घाण म्हटलं होतं. आणि आज, खरोखर धोका समोर आला, तेव्हा तो ओळखला नव्हता.

तिसऱ्या दिवशी कुतुबुद्दीन दवाखान्यात गेले, तेव्हा आकाराम उशीला टेकून बसले होते. "उरलेली घाण कवा काढायची?"

"घाण नव्हतीच, हवालदार. रक्त हुतं तुमचं."

आकारामांनी हात वर करून फिरवला. "मग खांदा हलका कशानं झाला रं?"