‘दाब!’

जेसल पार्कमधले आमचे शेजारी समाधानभाऊ काशीमीऱ्याच्या गॅरेजात ब्रेकचं काम करतात. गाडीखालून ते ‘दाब’ म्हणाले की सीटवरचा माणूस ब्रेक दाबतो.

त्यांचा भाचा जीवन पहिल्यांदा रेसिंग ट्रॅकवर उतरला, तेव्हा त्याला वायरलेसवरून भाऊच सांगत होते. लांब सरळ पट्टा संपून एकदम वळण येतं, तिथे सवयीने ओरडले, “दाब!” जीवनने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी भिंतीवर आदळली, मनगट मोडलं.

भाऊ त्याच्यासमोर जाईनात. शेवटी काल पंचशीलावहिनींनी ओढूनच नेलं. जीवन हसला, “मामा, पुढच्या वेळी शुद्ध मराठीत सांग, ‘ब्रेक मार’!”

“पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला ने बाबा,” म्हणताना भाऊंची नजर प्लास्टरवरून हलेना.