सासूच्या मागून घळीत

बहात्तरच्या दुष्काळात माझं दूध आटलं आणि तान्ही लेक आमच्या एकुलत्या शेळीच्या दुधावर आली. एका दुपारी ती शेळीच दावं तोडून घळीत उतरली. जतकडच्या आमच्या गावामागं कोरड्या ओढ्यानं कापलेली ती खोल घळ. तळाशी चार हिरवी बोरीची झुडपं, बाकी नुसते तापलेले दगड. नवरा लष्करात, सासरे खडी फोडायला गेलेले. लेकीला शेजारणीकडं दिलं आणि सासू नि मी निघालो.

सुनेनं सासूच्या पुढं चालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तो सपाटीवर राहणाऱ्यानं केला असणार. वाट इतकी उभी, की मी पाय टाकला की दगड सुटायचा आणि सासूच्या पाठीत बसायचा.

"माझा जीव घ्याया आलीस व्हय गं?"

"न्हाई वो आत्याबाई, शेळी न्ह्याया आलेय."

तिसरा दगड टाचेवर बसला तशी ती खालीच बसली. "हो म्होरं. हितं कोण बघतंय?"

मी मेढ्याच्या डोंगरातली. पदर खोचला आणि आडवे पाय टाकत उतरले. सासूला उताराची सवय नव्हती. ती उरलेली वाट बुडावर घसरत आली आणि लुगडं मागून फाटलं. मी हसले नाही असं म्हणणार नाही.

शेळी मजेत चरत होती. आम्हाला बघताच समोरच्या कड्यावर चढायला लागली. ती वर गेली असती तर लेकीला काय पाजलं असतं? मी अंग टाकून तिचा मागचा पाय धरला. कोपर सोलून निघालं, पण सोडला नाही.

"फाटलंच हाय तर फाटू दे," म्हणत सासूनं लुगड्याची पट्टी टर्रकन काढली आणि शेळीच्या गळ्यात बांधली. मग माझ्याकडं वळली. "आता माझ्या मागनं चल. सून हायस न्हवं?"

चढताना तिच्या पायाखालचे दगड माझ्यावर.

"आवं आत्याबाई, जरा बघून!"

"सुनंनं उलटं बोलू न्हाई."

वर बाया जमल्या होत्या. लुगड्याचं विचारलं, तर सासू म्हणाली, "शेळीनं फाडलं." मी शेजारणीकडून लेकीला आणलं. दारात बसून धार काढली, वाटीभर निघाली. लेक ती गटागट पिऊन झोपली.

सासू मात्र चार दिवस पालथी झोपत होती.